पर्चेस ऑर्डर आणि कामगाराची बोटे

गाडीच्या दाराची बिजागरी, सीटखालची पट्टी, सायलेन्सर धरून ठेवणारा ब्रॅकेट असे पत्र्याचे असंख्य तुकडे पॉवर प्रेसवर निघतात. चाकण-भोसरीतल्या किंवा हरियाणातल्या मानेसर-फरिदाबादच्या एखाद्या लहान शेडमध्ये जाऊन हे काम पाहावे. ऑपरेटर पत्रा डायवर सरकवतो, पायाने पेडल दाबतो, वरून कित्येक टनांचा दाब येतो, तुकडा बाजूला पडतो आणि हात पुन्हा आत जातो. दिवसभर हेच. जुन्या की-क्लच प्रेसचा मोठा दोष असा, की एकदा पेडल दाबले की स्ट्रोक पुरा होईपर्यंत तो थांबत नाही. क्लचमधली चावी झिजलेली असेल तर पेडल न दाबताही प्रेस पुन्हा खाली येतो. याला डबल स्ट्रोक म्हणतात. त्या क्षणी हात डायमध्येच असतो.

उपाय ठाऊक आहेत. डायभोवती जाळी बसवता येते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही अशी सोय करता येते, मात्र नग वाढवायचे म्हणून त्यातले एक बटण बांधून ठेवले नाही ना, यावर कोणीतरी लक्ष ठेवावे लागते. हात आड आला की यंत्र थांबवणारा लाइट कर्टनही मिळतो. पण मधेच थांबणे की-क्लच प्रेसला जमत नसल्याने तिथे तो कुचकामी ठरतो. आधी क्लच बदलून न्यूमॅटिक करावा लागतो. म्हणजे खर्च आला. तो नगामागे मिळणाऱ्या दरातून निघत नाही, असे शेडचा मालक सांगतो, आणि हा दर ज्या पर्चेस विभागापासून खाली उतरत येतो, त्याच्या भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेले असते.

'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेचे लाभ मिळवून देण्याचे काम करते. 2019 पासून ती 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. सुरुवात हरियाणापासून झाली, पुढे महाराष्ट्रातले कामगारही त्यांत आले. या अहवालांतले चित्र दर वर्षी जवळपास तेच आहे. बोटे तुटतात ती प्रामुख्याने पॉवर प्रेसवर. जखमी होणारे बहुतेक परप्रांतातून आलेले, कंत्राटी. कागदावर हेल्पर असलेला माणूस प्रत्यक्षात प्रेस चालवत असतो. विम्याचे कार्ड अनेकांच्या हातात पडते ते अपघात झाल्यावर.

हे अपघात क्वचितच मोठ्या कंपनीच्या आवारात होतात. कंपनीला माल देतो तो पहिल्या फळीतला व्हेंडर; तो काही काम बाहेर देतो दुसऱ्या फळीला, आणि तिथून जॉब वर्क तिसऱ्या फळीकडे जाते. सप्लायरसाठीची आचारसंहिता मात्र बहुधा पहिल्या फळीच्या सहीपाशी थांबते. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, हे पाऊल महत्त्वाचेच आहे. त्यात किती पुरवठादारांकडची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती तपासली, हेही विचारले जाते. पण हा प्रश्न ऐच्छिक भागात आहे, आणि उत्तर द्यायचे ते व्यवहाराच्या रकमेच्या टक्केवारीत. थोड्या रुपयांचा ब्रॅकेट कापणारी शेड त्या टक्केवारीत दिसणार तरी कशी?

प्रमाणपत्रांचेही तसेच. कराचीच्या बलदिया भागातल्या 'अली एंटरप्रायझेस' या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट 2012 मध्ये एसए 8000 हे सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. 11 सप्टेंबरला तिथे आग लागली आणि 250 हून अधिक कामगार गेले. आग खंडणीसाठी लावण्यात आली, असा निकाल तिथल्या न्यायालयाने पुढे दिला. पण मृत्यू इतके झाले ते बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या आणि खिडक्यांना गज होते म्हणून. माल घेणारे मोठे गिऱ्हाईक होते 'किक' ही जर्मन कंपनी. पीडितांचा डॉर्टमुंडच्या न्यायालयातला दावा 2019 मध्ये मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला.

कंपनीने मनावर घेतले तर साखळीच्या तळापर्यंत पोचता येते, हे बीएमडब्ल्यूच्या कोबाल्टवरून दिसते. जगातले बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते आणि तिथल्या हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत मुले राबतात. बॅटरी सेल बनवणारे व्हेंडर वेगळे, त्यांचे व्हेंडर आणखी वेगळे. बीएमडब्ल्यूने 2020 पासून आपल्या नव्या पिढीच्या बॅटऱ्यांसाठी ऑस्ट्रेलिया आणि मोरोक्कोतून कोबाल्ट स्वतः विकत घेऊन सेल उत्पादकांना पुरवायला सुरुवात केली. खरेदी आपल्या हातात घेतली, म्हणून खाणीचे नाव कळले. नाव कळले म्हणून प्रश्नही विचारता आले: 2023 मध्ये जर्मन माध्यमांनी मोरोक्कोच्या बू अझर खाणीजवळच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे वृत्त दिले. खाण कंपनीने आरोप नाकारले, बीएमडब्ल्यूने तिच्याकडे खुलासा मागितला. अशा बातमीने कंपनीची अडचण होते खरी, पण निनावी साखळीत ही बातमी कोणाच्या दारात नेऊन ठेवायची हेसुद्धा कळले नसते.

खरेदीचा दर आणि पैसे देण्याची तारीख यांबद्दल मात्र शाश्वततेच्या चर्चेत फारच कमी बोलले जाते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. एप्रिल 2024 पासून आयकरातही अट आली: मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येईल. व्हेंडर तरीही तक्रार करायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाकडून यायची असते. चार-चार महिने बिल अडकलेला माणूस क्लच बदलण्याचे काम पुढे ढकलतो. दर वर्षी 'कॉस्ट डाऊन'चे टार्गेट देणारा आणि दर वर्षी सुरक्षेची प्रश्नावली पाठवणारा पर्चेस विभाग एकच असतो. दोन्ही कागद एकाच टेबलावर यायला हवेत. प्रेसच्या संरक्षणाचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवायचा, त्या ओळीवर घासाघीस करायची नाही, आणि पहिल्या फळीने काम पुढे कोणाला दिले त्या शेडची नावे पर्चेस ऑर्डरमध्येच मागायची, एवढे तरी आज करता येण्यासारखे आहे.

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जानेवारी 2023 मध्ये किमान 3000 आणि पुढच्या वर्षी किमान 1000 कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला. त्याचा पुण्याशी थेट संबंध आहे, कारण चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज दोघांचेही कारखाने आहेत. या कायद्यातली सर्वांत उपयोगी तरतूद तक्रारीची आहे. कंपनीने तक्रार घेणारी यंत्रणा उभी करायची आणि ती अप्रत्यक्ष पुरवठादारांकडच्या कामगारांनाही खुली ठेवायची. तिसऱ्या फळीतल्या प्रेसवर बसलेल्या, बिहार किंवा मराठवाड्यातून आलेल्या मुलाला ती वापरता यायची तर शेडच्या दाराशी हिंदी आणि मराठीत फलक हवा, त्यावर फोन नंबर हवा, आणि पलीकडून त्याच्या भाषेत बोलणारे कोणीतरी हवे. प्रेस डबल मारतोय हे त्याला बहुतेक वेळा आधीच माहीत असते.