वित्तशास्त्र : पदव्युत्तर पदवी पुरे की डॉक्टरेट हवी?

(ज्ञातिमंडळाच्या मालवण येथील वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



पैसा कोठून येतो, कोणाच्या हाती जातो आणि त्यातील जोखीम कोण सोसतो, याचा विचार करणारे शास्त्र ते वित्तशास्त्र. हा विषय घेऊन पदवीधर झालेल्या मुलांच्या घरी आज एक प्रश्न उभा राहतो. एम्. कॉम्. किंवा एम्. एम्. एस्. होऊन नोकरी धरावी, की पीएच्. डी.चा मार्ग पत्करावा? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळविणारास थेट पीएच्. डी.साठी अर्ज करता येतो. त्यामुळे हा निर्णय आता कोवळ्या वयातच करावा लागतो. मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. तथापि पालकांच्या मनातील घालमेल मला परिचित आहे, म्हणून चार शब्द बोलतो.

या दोन पदव्या एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी सिद्ध झालेले ज्ञान बँकेत, विमा कंपनीत वा कारखान्याच्या हिशेबात वापरण्यास शिकविते. पीएच्. डी.ला किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे लागतात, आणि तेथे ज्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही असा प्रश्न स्वतः सोडवावा लागतो.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच कोकणातले. आपल्यासारख्या ज्ञातींनी ज्यांच्या समाजाला एके काळी उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्याकडूनच आज आपण हा धडा घ्यावयाचा आहे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेस गेले व १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे एम्. ए. झाले. नोकरीसाठी तेवढे पुरेसे होते. परंतु सरकारची व प्रांतांची तिजोरी यांचा संबंध कसा घडत गेला, या प्रश्नाने त्यांना धरून ठेवले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठविले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे १९२१ मध्ये एम्. एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना सुधारून द्यावा लागला, तेव्हा १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व १९२७ मध्ये पीएच्. डी. मिळाली. पहिली पदव्युत्तर पदवी दोन वर्षांत आली. ही शेवटची पदवी हाती येईपर्यंत चौदा वर्षे लोटली. मात्र १९२५ मध्येच शाही चलन आयोगापुढे रुपयाविषयी साक्ष देण्याइतका त्यांचा अधिकार सिद्ध झाला होता.

याउलट, चिंतामणराव देशमुखांकडे पाहा. तेही कोकणचेच सुपुत्र. केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले आणि आय्. सी. एस्. झाले. वित्तशास्त्रातील डॉक्टरेट नसतानाही १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्रीही. पैशाचा कारभार उत्तम करण्यास डॉक्टरेट लागतेच असे नाही, हे यावरून उघड आहे.

आता व्यवहाराचे पाहू. साहाय्यक प्राध्यापक होण्यास २०२३ पासून नेट वा सेट ही किमान पात्रता आहे, तेथे पीएच्. डी. ऐच्छिक आहे, पुढील बढतीस मात्र ती लागते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणारास २०२३ च्या सुधारणेनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती न मिळाल्यास सारा भार घरावर पडतो. धाकट्या भावंडांचे शिक्षण खोळंबवून केवळ नावामागे 'डॉक्टर' लावण्यासाठी हा भार उचलू नये.

पण ज्याच्या मनात खरा प्रश्न आहे, त्याला अडवूही नये. असे प्रश्न आपल्या किनाऱ्यावर पडलेले आहेत. रापणीच्या मासळीचे वाटे कोणत्या न्यायाने पडतात? मासळीच न लागल्यास होडीचे कर्ज कसे फिटते? २०२१ च्या तौक्ते वादळासारख्या आपत्तीत ज्याच्या होडीचा विमाच नाही, त्याने पुन्हा कसे उभे राहावे? यावर सहा वर्षे खर्ची घालणारी मुलगी आपल्या घरी निपजली, तर "एवढे शिकून स्थळ कोठे मिळणार?" असे म्हणून तिचे पाय ओढू नका. संशोधक स्त्रियांना आयोगानेही दोन वर्षांची अधिक सवलत दिली आहे. आयोगाने दिलेला अवधी घराने नाकारू नये.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. पदव्युत्तर शिक्षणास शिक्षणनिधीतून परतफेडीचे कर्ज द्यावे. कमाई लवकर सुरू होत असल्याने ते फिटेल. डॉक्टरेटसाठी मात्र परत न घेण्याचे अनुदान द्यावे. परंतु ते देण्यापूर्वी गुणपत्रिकेबरोबर आणखी एक गोष्ट मागावी. आपण कोणता प्रश्न सोडविणार, हे विद्यार्थ्याने एका पानावर, आपल्या आईला समजेल अशा मराठीत लिहून द्यावे. ते पान ज्याला लिहिता येईल, त्याने खुशाल पुढे जावे. ज्याला येणार नाही, त्याने एम्. कॉम्. होऊन सन्मानाने नोकरी करावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.