खोली नंबर १०२, गाडी नंबर १०२

(धुळे इथे खान्देशातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळी स्टँडवरून इकडे येताना रिक्षावाल्या दादाने मला गुलमोहर विश्रामगृह दाखवलं. मी विचारलंही नव्हतं. म्हणाला, "ताई, तेच ते. खोली नंबर १०२." २१ मे २०२५च्या रात्री त्या खोलीत १ कोटी ८४ लाख रुपये सापडले. विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्यात आलेली होती. माजी आमदार अनिल गोटे दाराबाहेर ठिय्या देऊन बसले आणि मग विशेष तपास पथक नेमलं गेलं. धुळ्याच्या बायांना ही गोष्ट मी सांगायची म्हणजे आजोळच्या गोष्टी आजीला सांगण्यासारखं.

मी दादाला विचारलं, १०२ नंबर आणखी कशाचा असतो? त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला विचारते, हात वर करा. बघा, थोडेच हात आहेत आणि त्यातले बहुतेक आशाताईंचे आहेत. १०२ हा गाडीचा नंबर आहे. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. त्यात गरोदर बाईला आणि आजारी तान्ह्याला घरून दवाखान्यात न्यायचं, तिथे जमलं नाही तर मोठ्या दवाखान्यात पोचवायचं आणि परत घरी आणून सोडायचं, सगळं मोफत. त्यासाठी ही गाडी.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव, नाव सांगत नाही. बाई दुसरेपणाची, अंगात रक्त कमी. कळा सुरू झाल्यावर सासू आणि आशाताईने तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. इमारत चांगली, ऑपरेशनची खोली आहे, टेबल आहे, वरचा दिवासुद्धा आहे. भूल देणारा डॉक्टर नाही. "पुढे घेऊन जा." गाडी आवारात उभी होती. ड्रायव्हर नव्हता. त्याचं कंत्राट संपलं होतं आणि मागचा पगारही अडकला होता. शेवटी बावीसशे रुपये देऊन जीप केली. बाई वाचली. बाळ पोटातच गेलं.

आता मला जे सांगायचंय ते यापुढचं आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते.

आम्ही सात जणींनी निवेदन लिहायला घेतलं. आमच्यात एक पंजाची, दोघी कमळाच्या, एक घड्याळाची, एक शिवसेनेची (कुठल्या शिवसेनेची ते ती अजून सांगत नाही) आणि आम्ही दोघी कुठल्याच नाही. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्यात मी लिहिलं, "सरकारने पदं भरली नाहीत." कमळवाली म्हणाली, "सरकार म्हणजे कोणतं? भरती कोणाच्या काळात थांबली तेही लिहा." पंजावाली म्हणाली, "मग तुमच्या काळात का नाही सुरू झाली?" घड्याळवाली गप्प बसली, कारण तिला दोन्हीकडची भीती. अर्धा तास हेच चाललं. चहा गार झाला. "पुन्हा बसू" म्हणून उठलो, ते बसलोच नाही. तो कागद माझ्या शबनममध्ये दोन महिने फिरला, घडीवर फाटला. त्या बाईने आशाताईकडे निरोप ठेवला होता, "कागद दिला का?" मी काय उत्तर देणार होते?

पुढाऱ्यांवर बोलायचं आहेच, पण ही भांडणं आपल्या घरात शिरली आहेत, म्हणून आधी घरातलं सांगितलं.

खान्देशाला चौकशीची सवय आहे. आपल्याकडे पोरं पहाडे पाठ करण्याआधी चौकश्या पाठ करतात. जळगावचं घरकुल प्रकरण घ्या. गोरगरिबांच्या घरांची योजना. गुन्हा नोंदला २००६ साली, सुरेश जैन यांना अटक २०१२ साली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं ते ३१ ऑगस्ट २०१९ला. मधल्या १३ वर्षांत कोण कोणत्या पक्षात गेलं आणि परत आलं, याचा हिशेब ठेवायला वेगळी वही लागेल. एकनाथ खडसे यांचं मंत्रिपद भोसरीच्या जमिनीवरून जून २०१६ मध्ये गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी पक्ष बदलला आणि डिसेंबरात ईडीचं समन्स आलं. नंदुरबार १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. तिथले डॉ. विजयकुमार गावित आदिवासी विकासमंत्री असतानाच्या योजनांची चौकशी करायला उच्च न्यायालयाने २०१४ साली न्या. गायकवाड समिती नेमली. त्याच वर्षी गावितांनी पक्ष बदलला. समितीचा अहवाल २०१७ साली आला आणि २०२२ साली तेच पुन्हा आदिवासी विकासमंत्री झाले. यातलं खरं काय नि खोटं काय ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणारी कोण? मी फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवते. तारखा बोलतात.

या सगळ्यात आपण काय केलं? टाळ्या वाजवल्या. ईडी लावली तर आपण सीडी लावू, असं जाहीरपणे सांगितलं गेलं तेव्हा पुरुष हसले आणि आपणही हसलो. त्या सीडीत काय होतं, ती मुळात होती का, मला माहीत नाही. पण लोक जे समजून हसले त्यात एखादी बाई असणार, हे आपल्या मनात आलं का? ज्या जळगावने १९९४ पाहिलं त्या जळगावच्या बायांच्या तरी मनात यायला हवं होतं. फोटोंचा धाक दाखवून मुलींचं काय केलं गेलं होतं ते इथल्या वयस्कर बायांना आठवत असेल. तेव्हा मी नुकतीच चळवळीत आले होते. राज्यभर गाजावाजा झाला, विरोधकांनी सभा घेतल्या, सत्ताधाऱ्यांनी खुलासे केले. १९९५च्या निवडणुकीत सरकार बदललं. तक्रार द्यायला मात्र मोजक्याच मुली पुढे आल्या. कशा येतील? व्यासपीठावर ओरडणाऱ्याला त्यांची इज्जत नको होती, मुद्दा हवा होता. कोर्टाच्या तारखांना आम्ही पाच-सहा जणी जायचो. एकाही पक्षाचा झेंडा तिथे दिसला नाही.

म्हणून माझा चौकशीला विरोध नाही. चोर पकडलाच पाहिजे, आणि तो कोणत्याही पक्षाचा असला तरी. पण पैसे खाल्ल्याची चौकशी होते, पैसे दिलेच नाहीत याची होत नाही. जे कापलं गेलं त्याचा पंचनामा कोण करणार? खोलीतल्या नोटा मोजायला यंत्रं आली. रिकाम्या पदांना मोजायला कोणी येत नाही.

आणि कापण्याच्या बाबतीत सगळे पक्ष सख्खे भाऊ आहेत, हे जरा समजून घ्या. जागतिक बँकेच्या कर्जाचा आरोग्य प्रकल्प आपल्या राज्यात १९९९ साली आला. ठरला युतीच्या काळात, राबवला आघाडीने. सरकारी दवाखान्यात केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे घेणं हीच सुधारणा, असं तेव्हा आपल्याला शिकवलं गेलं. २०१० साली बाळंतिणीला मदत देणारी इंदिरा गांधींच्या नावाची योजना आली, पण प्रयोग म्हणून. महाराष्ट्रात फक्त अमरावती आणि भंडारा. खान्देशची बाळंतीण बाहेरच. मग २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला, आणि तो देणारं सरकार काहीच न करता गेलं. २०१७ साली पुढच्या सरकारने पंतप्रधानांच्या नावाची योजना आणली. तिच्यात ५ हजार आणि तेही पहिल्याच बाळाला. कायदा म्हणतो सहा, योजना म्हणते पाच. कायदा म्हणतो प्रत्येक खेप, योजना म्हणते पहिली. २०२२ साली दुसरं बाळ मुलगी असेल तर पैसे मिळू लागले. दुसरा मुलगा झाला तर आईला भूक लागत नाही, असा काही शोध लागला असावा.

अंगणवाडीचं बघा. २०१५-१६च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात बालविकास योजनेची तरतूद सुमारे १८ हजार कोटींवरून ८ हजार कोटींच्या घरात आणली. त्यावर बोललं कोण? त्याच खात्याच्या मंत्री, मनेका गांधी. मे २०२५ मध्ये लाडक्या बहिणींसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी वळवले. त्यावर जाहीर नाराज झाले ते सामाजिक न्यायमंत्रीच. म्हणजे मंत्रिमंडळात बसून माणसं आपल्याच सरकारला बोलू शकतात, आणि आमची कमळवाली ताई निवेदनाच्या दुसऱ्या वाक्यावर सही करू शकत नाही! हे तिला मी तोंडावर बोलले आहे, माघारी नाही. ती आज इथे आलीय.

आता जळगावचं. तिथलं जिल्हा रुग्णालय नव्या सरकारी मेडिकल कॉलेजकडे गेलं, २०१८ साली पहिली तुकडी बसली. जिल्ह्याला कॉलेज मिळालं याचा आनंदच आहे. पण रुग्णालय एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं, याचा अर्थ आपल्याला नंतर कळला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत. वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. तालुक्याला मोफत आणि जिल्ह्याला पैसे, असा तो न्याय. बाळंतपण दोन्हीकडे मोफत. अंगावरून जातंय म्हणून आलेली पंचेचाळिशीची बाई मात्र केसपेपरच्या रांगेत पदराची गाठ सोडते. पोटात मूल असेल तोवर बाई सरकारची, नंतर तिची ती.

आणि जून २०२० मध्ये त्याच रुग्णालयात ८२ वर्षांची कोरोनाची आजी बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी शौचालयात तिचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. त्यानंतर मी किती ठिकाणी ऐकलं, "मंत्री कोणाचा होता तेव्हा?" त्या शौचालयाकडे आठ दिवस कोणी का गेलं नाही, वॉर्डात माणसं किती होती, झाडणारी बाई कंत्राटी होती का, हे विचारणारं मला फारसं कोणी भेटलं नाही. धुळ्यातही मार्च २०१७ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा डॉक्टर इथे नाही, दुसरीकडे न्या, असं सांगणाऱ्या तरुण डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. ज्याने पद भरलं नाही तो मुंबईत होता. राग समोर दिसेल त्यावर निघतो.

तर आपली चौकशी आपणच करायची, असं मला वाटतं. यात नवं काही नाही. २००७ साली राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होतं. गावच्या बाया जनसुनवाईत उभ्या राहून डॉक्टरांना विचारायच्या, औषध का नव्हतं, पैसे का घेतले. तिथे पक्ष आला नाही, कारण प्रश्न औषधाच्या बाटलीचा होता. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत.

मी आज अर्जाचा नमुना आणलाय. प्रश्न चार आहेत. आमच्या ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती. भूलतज्ज्ञ किती दिवस आला. १०२ची गाडी वर्षभरात किती दिवस उभी राहिली आणि कशामुळे. गेल्या वर्षभरात किती बाळंतिणी पुढे पाठवल्या. २००० सालापासूनची पदांची माहिती मागितली आहे, म्हणजे सगळ्यांचीच कारकीर्द त्यात येते आणि कोणी रुसायला नको. तिसरा प्रश्न कमळवाल्या ताईने सुचवला, पहिला पंजावालीने. दोघी शेजारी बसून नाही, फोनवरून. पण सुचवला.

चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, या चार तालुक्यांच्या बायांनी जेवणाआधी मला भेटा. प्रत्येक तालुक्याला एक बाई अर्जावर नाव द्यायला हवी. साक्रीचं नाव अजून मिळालेलं नाही.