वजनाचा व्यायाम किती वेळ करावा?

जिममध्ये नाव घालणारा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, ‘रोज किती वेळ करायचं?’ कोणी त्याला पाऊण तास सांगतं, कोणी तास, कोणी दीड. मला वाटतं, हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरला जातो. आपल्या तालमींत जोर-बैठका मिनिटांवर मोजत नसत. शंभर जोर, दोनशे बैठका, असा आकडा ठरलेला असे आणि तो पुरा व्हायला लागेल तेवढा वेळ लागे. वजनाच्या व्यायामातही आधी काम ठरवावं, वेळ त्यातून आपोआप निघतो, एवढंच मला आज मांडायचं आहे. साधा हिशोब करून पाहा. एका सेटमध्ये दहा वेळा वजन उचलायला 30 ते 40 सेकंद लागतात. म्हणजे 15 सेट केले तरी स्नायू प्रत्यक्ष राबतात ते जेमतेम दहा मिनिटं. बाकीचा वेळ विश्रांतीचा असतो. दोन सेटांमध्ये एक मिनिट थांबलात तर हा सगळा व्यायाम 25 मिनिटांच्या आत उरकतो, तीन मिनिटं थांबलात तर त्यालाच 50 मिनिटांहून अधिक लागतात. काम तेच, वेळ दुप्पट.

मग विश्रांती कापून वेळ वाचवावा का? हा मोह मोठा आहे, आणि महागात पडणारा आहे. जोराच्या, अल्पकाळच्या श्रमाला स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा वापरतात. तो अर्धाअधिक भरून यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पण बहुतांश भरायला तीनेक मिनिटं जातात. साठा भरण्याआधीच पुढचा सेट घेतला की वजन तरी कमी करावं लागतं किंवा आवर्तनं तरी घटतात. अमेरिकेतले संशोधक ब्रॅड शोनफेल्ड यांनी 2016 साली सरावातल्या 21 तरुणांवर आठ आठवडे हाच प्रयोग केला. एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद अधिक वाढली, स्नायूही अधिक भरले. घाई करून वाचवलेली मिनिटं अशी दुसऱ्या बाजूने वजा होतात.

त्याच शोनफेल्ड यांचा 2019 सालचा प्रयोग मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो. सरावातल्या 34 पुरुषांचे तीन गट होते. प्रत्येक व्यायामप्रकाराचे एका गटाने एक, दुसऱ्याने तीन आणि तिसऱ्याने पाच सेट केले. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. एका वेळच्या व्यायामाला पहिल्या गटाला सुमारे 13 मिनिटं लागत, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 68. स्क्वॉट आणि बेंच प्रेसमधली ताकद मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. फरक पडला तो स्नायूंच्या आकारात: सेट जास्त, तशी वाढ जास्त. म्हणजे केवळ ताकद हवी असणाऱ्याला 13 मिनिटांतही बरंच साधतं, आणि शरीर भरावं असं वाटणाऱ्याला तासाची तयारी ठेवावी लागते. प्रयोग लहान, मुदत थोडी आणि माणसं तरुण, हे खरं. पण उद्देश विचारल्याशिवाय वेळ सांगणं किती पोकळ आहे, हे त्यातून पुरेसं दिसतं. त्या 13 मिनिटांतला प्रत्येक सेट वजन आणखी एकदाही वर जाईना इथपर्यंत नेलेला होता, हेही विसरू नये.

यावर जिममधला नेहमीचा आक्षेप येतो: ‘पाऊण तासानंतर टेस्टोस्टेरॉन उतरतं, कॉर्टिसॉल चढतं आणि कमावलेलं वाया जातं.’ व्यायामाने संप्रेरकं वरखाली होतात, यात शंका नाही. पण त्या तात्पुरत्या चढउतारावर स्नायूंची वाढ ठरते का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2010 साली हे फार सुंदर रीतीने तपासलं गेलं. 12 तरुणांनी 15 आठवडे एका हाताचा व्यायाम नुसताच केला, आणि दुसऱ्या हाताच्या व्यायामाला पायांचा जबर व्यायाम जोडला, जेणेकरून रक्तात संप्रेरकं उसळावीत. दोन्ही हात सारखेच वाढले. तेव्हा 45 मिनिटांच्या त्या रेषेची भीती बाळगायचं कारण नाही. लांबलेल्या व्यायामाचा खरा तोटा निराळाच आहे. थकव्यामुळे शेवटचे सेट ढिले पडतात, वजन उचलण्याची ढब बिघडते. असं होऊ लागलं की उरलेले सेट दुसऱ्या दिवशी घ्यावेत. आठवड्याची बेरीज तीच राहते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि मला तो अधिक जिव्हाळ्याचा वाटतो: नोकरी, लोकलचा प्रवास, घरचं काम यांतून ज्यांना वीसच मिनिटं सापडतात, त्यांनी काय करावं? त्यांनी ढकलण्याचा आणि ओढण्याचा व्यायाम आलटून-पालटून करावा. छाती विसावते तेवढ्यात पाठ काम करते, आणि विश्रांतीला फारशी कात्री न लावता वेळ वाचतो. पायांसाठी एक प्रकार, ढकलण्याचा एक, ओढण्याचा एक, प्रत्येकी दोन सेट, आठवड्यातून दोनदा, एवढ्यावर सुरुवात नक्की होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनातही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. चालण्या-पळण्यासाठी तिथे मिनिटं दिली आहेत, स्नायूंसाठी दिलेली नाहीत. साठीच्या पुढच्या, कधीच वजन न उचललेल्या बाईसाठी हे दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्यानेही सुरू होऊ शकतात. दहावं उठणं सोपं वाटू लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्याव्यात.