फुलांचा चेहरा



सोळाव्या शतकात मिलान शहरी आर्चिम्बोल्दो नावाचा एक चित्रकार होऊन गेला. व्हिएन्ना व प्राग येथील हाब्सबुर्ग सम्राटांच्या पदरी त्याने अनेक वर्षे काढली. त्याने १५७३ साली रंगविलेले ‘वसंत’ हे तैलचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दुरून पाहावे तर मनुष्याचे मुख. जवळ जावे तर गालांवर गुलाब, गळपट्टी पांढऱ्या फुलांची आणि अंगरखा हिरव्या पानांचा!

निवृत्तीनंतर मी तैलरंग शिकावयास घेतले, तेव्हा याच धर्तीवर माझ्या दिवंगत पत्नीचे चित्र काढावे, असे मनात आले. परसातील बाग तिच्याच हातची. मोगरा, शेवंती, जास्वंद अशी एकेक फुले मी मोठ्या प्रेमाने हुबेहूब उतरविली. महिन्याभराने चार पावले मागे सरून पाहिले, तो समोर नुसता ताटवा! चेहरा कोठेच नव्हता.

पुन्हा आरंभ केला. प्रथम कोळशाने रेखाटन. मग अंबर रंगात टर्पेंटाइन मिसळून केवळ छायाप्रकाश. कपाळ उजळ, हनुवटीखाली काळोख. फुले त्यानंतर. हनुवटीखालचा मोगरा पांढरा रंगवून चालत नाही. तो करडाच हवा. प्रत्येक फुलाने आपला उजेड चेहऱ्याच्या स्वाधीन करावयाचा, हे मला फार उशिरा उमगले.

तैलरंगाचाही एक नेम आहे. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जवसाचे तेल अधिक. याच्या उलट केल्यास पुढे रंगास भेगा पडतात. थर वाळावयास दिवसच्या दिवस लागतात, आणि जास्वंद तर संध्याकाळीच मिटते! मोगरा उन्हाळ्याचा, शेवंती थंडीची. म्हणून ज्या त्या ऋतूत लहान फळीवर एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवला. त्यात वर्ष गेले.

सर्वांत अडले ते डोळ्यांपाशी. कोणतेही फूल तेथे बसेना. अखेर ध्यानात आले की, डोळ्याच्या जागी फूल नकोच. दोन पाकळ्यांमधील काळोखी फट पुरे.

साधर्म्य आठ आणेच साधले असेल. पण त्या फटीतून ती पाहते, एवढे मात्र खरे.