तार एक झाली, दारे किती राहिली?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतले काही जण हसले, ते मी पाहिले. दळणवळणाची सगळी जाळी एक होत चालली आहेत, तिथे पुढे शेतकऱ्याचे काय होणार, असा तो विषय. कपाशीवर बोंडअळी बसली आहे, ज्वारीला गिऱ्हाईक नाही आणि हा बाबा जाळ्यांच्या गोष्टी सांगायला उभा राहिला! तुमचे हसणे रास्त आहे. मी शेतकी कॉलेजात शिकलो ती माती, खते आणि बियाणे. तारांची विद्या माझी नव्हे. पण आमच्या गावात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या शेजारी सहा एकरांचा एक कोरडवाहू शेतकरी आहे. चार एकर कपाशी, मध्ये तुरीची तासे, दोन एकर ज्वारी. ऐन वेचणीत विहिरीवर पाणी शेंदायला वाकला आणि खिशातला फोन विहिरीत गेला. फोनचे दुःख दोन-तीन हजारांचे, ते त्याने सोसले असते. पण त्या नंबरावर त्याचे बँकेचे खाते होते. कापूस केंद्रावर नेण्याची तारीख त्याच नंबरावर येणार होती. शेतकरी ओळख क्रमांक त्याच नंबराशी जोडलेला. सीमकार्ड पोराच्या नावावर आणि पोरगा पुण्याला कंपनीत. पोराला रजा मिळून तो गावी येईपर्यंत अकरा दिवस गेले. तोवर तारीख निघून गेली. घरात कापूस भरलेला, मजुरांचे पैसे थकलेले. शेवटी गावातल्या खेडा खरेदीवाल्याला त्याने हमीभावाच्या कितीतरी खाली माल मोजून दिला. जमीन त्याची होती, कापूस त्याचा होता, खाते त्याचे होते, आधार कार्ड पेटीत होते. हरवला होता फक्त फोन.

आता माझ्या लहानपणाची आठवण सांगतो. गावात टपाल यायचे ते पोस्टमनच्या पिशवीतून. कुणी वारले तर तार यायची. बाजारभाव आणि पाऊस आकाशवाणी सांगायची. फोन करायचा तर तालुक्याच्या एसटीडी बूथवर जाऊन मीटरकडे डोळे लावून बोलायचे. पैसे बँकेत, सातबारा पटवाऱ्याच्या दप्तरात. सगळेच सावकाश चालायचे आणि निम्मे बिघडलेले असायचे. मी त्या दिवसांचे गोडवे गायला आलो नाही, त्या पटवाऱ्याच्या घरी मी वडिलांबरोबर कितीदा हेलपाटे घातले आहेत! पण फोन मेला म्हणून टपाल थांबत नव्हते. रेडिओचे सेल संपले म्हणून बँक तुमचे पैसे अडवत नव्हती. प्रत्येकाची वाट वेगळी होती.

या वाटा एक कशा झाल्या ते जिनिंगच्या भाषेत सांगतो. वेगवेगळ्या गावांचा कापूस जिनात येतो. सरकी निघते, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, गाठीवर नंबर पडतो. त्यानंतर ट्रकवाल्याला कापूस कुणाचा याच्याशी देणेघेणे नसते. तो नंबर पाहतो आणि गाठ पोचवतो. तसेच आता बोलण्याचे झाले आहे. तुमचा आवाज, पोराच्या लग्नाचा फोटो, बँकेचा निरोप, सातबाऱ्याचा उतारा या सगळ्यांच्या बारीक बारीक गाठी बांधतात, प्रत्येकीवर पत्ता टाकतात आणि एकाच तारेत सोडतात. तारेला आवाज आणि पैसा यातला फरक कळत नाही. म्हणून टपाल, तार, टेलिफोन, रेडिओ, सिनेमा आणि बँक अशी सहा जाळी ठेवायची गरज उरली नाही.

आपल्या देशात हे कसे घडले? १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. तिने खेड्यासाठी १२८ लाइनींचे छोटे एक्स्चेंज बनवले. धुळीत आणि उन्हात, वातानुकूलित खोलीशिवाय ते चालायचे. गावोगाव फोन पोचण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मग ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हा दोन्ही श्रीमंतांची खेळणी होती. २००१ साली सरकारने लोकसभेत एक विधेयक मांडले, त्याचे नावच दळणवळण अभिसरण विधेयक. टेलिफोन, दूरचित्रवाणी, इंटरनेट यांना एकच कायदा आणि एकच आयोग असावा असा त्याचा बेत होता. विधेयक बारगळले, पण तारा एक व्हायच्या थांबल्या नाहीत. २०१३ च्या जुलैत सरकारने तार बंद केली. २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की सालदाराच्या पोराच्या हातीही ते आले.

हे वाईट झाले का? मुळीच नाही. बातमी उशिरा मिळण्याची किंमत आपल्या बापजाद्यांनी मोजली आहे. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच वर्षी मुंबईपासून विलायतेपर्यंत समुद्राखालची तार पूर्ण झाली. विलायतेतला कापसाचा भाव मुंबईच्या पेढीवर तारेने कळू लागला. वऱ्हाडातून बंडी हाकत खामगावच्या बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याला काय कळत होते? समोरचा अडत्या सांगेल ते. तार नवी होती, पण तिचे एक टोक व्यापाऱ्याच्या टेबलावर होते आणि दुसरे टोकही व्यापाऱ्याच्याच टेबलावर. आज ते टोक आपल्या खिशात आहे.

मग आपण सुधारलो का, हा खरा प्रश्न. इथे दोन ठिकाणचे अनुभव शेजारी ठेवून पाहा.

केरळच्या किनाऱ्यावर १९९७ सालापासून मोबाइल आला. त्या वर्षी जानेवारीत एके दिवशी बडगरा गावात अकरा कोळ्यांनी पकडलेली मासळी गिऱ्हाईक नाही म्हणून टाकून दिली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस गिऱ्हाइके मासळी मिळाली नाही म्हणून रिकाम्या हाताने परतत होती. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने हे नोंदवून ठेवले आहे. मोबाइल आल्यावर कोळी समुद्रातूनच विचारू लागले, भाव असेल त्या बंदराला होडी वळवू लागले. मासळी फेकणे जवळपास थांबले. कोळ्यांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यालाही ती ४ टक्के स्वस्त मिळाली.

दुसरा अनुभव आपल्या महाराष्ट्रातला. इथे २००७ पासून एक कंपनी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर बाजारभाव आणि हवामानाचे संदेश पैसे घेऊन पाठवत होती. फाफशांप आणि मिंटेन या दोन संशोधकांनी राज्यातल्या १०० गावांत त्याचा परिणाम तपासला. २०१२ साली निष्कर्ष छापून आला. काही शेतकऱ्यांनी बाजार बदलून पाहिला, पण मिळालेल्या भावात दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

फोन तोच, संदेश तसाच, मग असे का? माझे उत्तर असे आहे. कोळ्याची होडी त्याची स्वतःची आणि समुद्राला फाटक नाही. आपल्याला भाव कळतो, पण ट्रॅक्टर भाड्याचा, बियाण्याची उधारी ज्या दुकानात त्याच्याच काट्यावर माल घालायचा, घरात कापूस ठेवायला जागा नाही आणि सोमवारी पोराची फी भरायची. भाव कळणे आणि भाव मिळणे यांत जे अंतर आहे ते तारेने तुटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ही बातमी तुम्हाला कधी कळली? मुंबईच्या व्यापाऱ्याला कळली तेव्हाच. त्याने आपले सौदे बदलले. तुम्ही शेतात उभी कपाशी बदलणार होता का?

म्हणजे तारेचा फायदा त्याला होतो ज्याला दुसऱ्या दारात जाता येते. ही गोष्ट लक्षात ठेवून आता मी मुख्य मुद्द्यावर येतो.

इथे पन्नाशीच्या पुढचे जे बसले आहेत त्यांना एकाधिकार कापूस खरेदी समजावून सांगायची गरज नाही. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कापूस विकायला एकच दार होते. राज्याची हद्द ओलांडून पलीकडे जास्त भाव असला तरी कापूस नेणे गुन्हा. केंद्रावर बंड्यांची रांग, ग्रेडर म्हणेल ती प्रत, चुकारा येईल तेव्हा. मी शाळकरी पोर असताना वडिलांबरोबर रात्रभर बंडीखाली झोपलो आहे. योजना आणताना हेतू व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवण्याचा सांगितला होता. पण दार एकच असले की दारावरचा शिपाईसुद्धा मालक होतो, हेतू कितीही चांगला असो.

आता दार फोनमध्ये आले आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पिकाची नोंद आपण स्वतः शेतात उभे राहून फोटो काढून करायची. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर अ‍ॅपवर आधी नाव नोंदवा, कागद चढवा, मग तारीख घ्या. मी याला सरसकट नावे ठेवणार नाही. तारीख मिळाली की फाटकावर ट्रॅक्टर दोन-दोन रात्री उभा ठेवावा लागत नाही, भाड्याचा खोळंबा वाचतो. पैसे खात्यावर येतात, मधला हात खात नाही. ज्याचा फोन चालू, नाव बरोबर आणि नेटवर्क आहे त्याचे काम झाले. प्रश्न उरलेल्यांचा आहे. नोंदणीची मुदत वाढवावी लागली यावरून ते किती असतील याचा अंदाज करा.

यापुढची पायरी आणखी वेगळी आहे. आजवर माणूस कॉम्प्युटरला विचारत होता. आता एका कचेरीचा कॉम्प्युटर दुसऱ्या कचेरीच्या कॉम्प्युटरला परस्पर विचारतो. याला वेब सर्व्हिस म्हणतात. बँकेचे यंत्र जमिनीच्या दप्तराच्या यंत्राला विचारते की या माणसाच्या नावे किती जमीन? विम्याचे यंत्र विचारते की पेरा काय? खरेदीचे यंत्र विचारते की एकरी किती कापूस धरायचा? तुम्हाला कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांक २०२५ पासून योजनांसाठी सक्तीचा झाला, तो याच कामासाठी. एका क्रमांकावर सगळी दप्तरे जोडायची. सोय मोठी आहे, दहा ठिकाणी झेरॉक्स द्यायला नको. पण सातबाऱ्यावर ‘विठोबा’ आणि आधारवर ‘विठ्ठल’ असले तर पूर्वी पटवारी ‘हा तोच’ असे दोन ओळींत लिहून द्यायचा. यंत्र तसे लिहीत नाही. एका दप्तरातली चूक आता सगळ्या दप्तरांत फिरते. कपाशीच्या तासात तूर आहे आणि नोंद एकट्या तुरीची झाली, तर कापूस घरात असूनही तुम्ही कापूसवाले नाही. सेतू केंद्रात जावे तर ‘सिस्टीम घेत नाही’ एवढेच उत्तर. सिस्टीम कुठे बसते, तिचा साहेब कोण, अर्ज कुणाच्या नावे करायचा? पटवाऱ्यावर निदान मोर्चा नेता येत होता.

आणि जाळे तुटले तर? कॅनडासारख्या पुढारलेल्या देशात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स नावाच्या कंपनीचे जाळे सकाळी बसले. सुधारणा करताना तिच्या माणसांनी एक नियम चुकून काढून टाकला, एवढेच कारण. पण मोबाइल आणि घरचे इंटरनेट या दोन्हींचा कणा एकच होता, म्हणून सगळे एकदम गेले. एक कोटी वीस लाखांवर ग्राहक. दुकानांत कार्डाने पैसे देणे देशभर बंद पडले, कित्येकांना पोलीस आणि रुग्णवाहिकेचा आणीबाणीचा नंबर लागेना. कंपनीच्या इंजिनिअरांचे फोनही त्याच जाळ्यावर असल्याने दुरुस्तीसाठी त्यांना एकमेकांशी बोलता येईना. त्यानंतर तिथल्या सरकारने कंपन्यांना एकमेकांच्या अडचणीत जाळे वापरू देण्याचा करार करायला लावला, आणि त्या कंपनीने दोन्ही जाळ्यांचे कणे वेगळे करण्याचे जाहीर केले. दुसरी वाट असावी हे त्यांनाही एक दिवस उपाशी राहिल्यावर कळले.

तुटण्यासाठी चूकच व्हावी लागते असे नाही. जानेवारी २०२१ च्या शेवटी सिंघू, गाझीपूर आणि टिकरीच्या सीमांवर शेतकरी बसले होते, तेव्हा सरकारच्या हुकमाने तिथले मोबाइल इंटरनेट बंद केले गेले. त्या आंदोलनाच्या मागण्या आपल्याला पटोत न पटोत, एका कळीने काय थांबते ते पाहून ठेवा. पूर्वी सभा बंद केली तर बँक चालू राहायची. आता एकाच कळीत बातमी, बोलणे, नकाशा आणि पैसा चारही बसतात.

म्हणून आपली भूमिका काय? अ‍ॅप जाळा असे मी म्हणणार नाही. नवे बियाणे असो की नवे यंत्र, ते वापरण्याची मोकळीक शेतकऱ्याला हवी. पण ज्या कामाला फोन लागतो त्या प्रत्येक कामाला फोनशिवाय करता येईल अशी खिडकी त्याच तालुक्यात असली पाहिजे, आणि खिडकीवरच्या माणसाला सही करून चूक दुरुस्त करण्याचा अधिकार पाहिजे. यंत्राने नाही म्हटले तर का नाही म्हटले ते कारण, तारीख आणि वेळ घालून छापील कागदावर मिळाले पाहिजे. काट्यावर माल मोजल्यावर पावती मागतो, तशीच ही नकाराची पावती. माझ्या जमिनीची आणि पिकाची माहिती कुणाकुणाच्या यंत्राने मागितली त्याची यादी मला मिळाली पाहिजे. आणि सरकारी दारापलीकडे खाजगी जिनिंग, परराज्यातला व्यापारी, शेतकऱ्यांच्या कंपन्या ही दारे उघडी राहिली पाहिजेत.

मायबहिणींना एक वेगळे सांगायचे आहे. सातबारा नवऱ्याच्या नावे, सीम दिराच्या नावे आणि शेत तुम्ही करता, अशी घरे इथे बरीच आहेत. सीम आपल्या नावावर करून घ्या. भांडण झाले तरी करून घ्या.

बाहेर टेबलावर प्रत्येक तालुक्याची एक वही ठेवली आहे. या हंगामात ज्यांचे काम ‘सर्व्हर डाऊन’, ‘नाव जुळत नाही’ किंवा ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणून अडले, त्यांनी गाव, दिवस, काम आणि नंतर माल कुठे व काय भावाने द्यावा लागला हे लिहून जावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी कॉलेजची दोन मुले बसवली आहेत. आधारचा नंबर मात्र वहीत कुणीही लिहू नये. पुढच्या महिन्यात या वह्या घेऊन आपण कलेक्टर कचेरीत जाणार आहोत, आणि तिथेही पोच कागदावर मागणार आहोत.