प्लॅन आधी वाचा, रॉड नंतर घ्या

आजचा भाग छोटा आहे. घरीच वजनं घेऊन व्यायाम सुरू करायचाय ना, त्यांच्यासाठी.

मोबाइलवर एखादा प्लॅन मिळतो. त्यात लिहिलेलं असतं : स्क्वॉट, ३ × ५, ६० किलो. म्हणजे ३ सेट, प्रत्येक सेटमध्ये ५ रेप्स. पण काही जण रेप्स आधी लिहितात, म्हणून सुरुवातीची सूचना वाचायचीच. ३ × १० आणि १० × ३ हे दोन वेगळे व्यायाम आहेत. आणि ६० किलो म्हणजे रॉडसकट बरं का! ७ फुटी ऑलिंपिक रॉडच २० किलोचा असतो. घरचा छोटा रॉड बहुतेक हलका असतो, तो वजनकाट्यावर ठेवून बघा.

पुढे दिसेल ‘आरपीई ८’. म्हणजे सेट थांबवला तेव्हा अंगात अजून २ रेप्स शिल्लक होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण, अधिक. ‘५+’ म्हणजे किमान ५, आणि पुढे जमतील तेवढ्या. जिम वेंडलर यांच्या ‘५/३/१’ प्लॅनमध्ये शेवटच्या सेटला ही खूण असते. व्यायामशाळेत मागे कुणीतरी उभं असतं. घरी दार लावून एकट्यानं बेंच प्रेस करताना शेवटची रेप अडकली, तर रॉड थेट छातीवर किंवा गळ्यावर. रॉड अडवणारे सेफ्टी आर्म्स नसतील, तर ते अधिक खोडून टाका आणि २ रेप्स राखून थांबा. किंवा जमिनीवर झोपून डंबेल प्रेस करा. कोपरं जमिनीला टेकतात, वजन बाजूला ठेवता येतं.

जागेचं गणितही प्लॅनमधूनच निघतं. १० × १० च्या खोलीत ७ फुटी रॉड ठेवला, की दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरतं. त्यात पलंग-कपाट आहेच. मग प्लेट चढवणार कशी? डंबेल्ससाठी ६ × ४ फूट मोकळी जागा बऱ्यापैकी पुरते. वजन डोक्यावर नेणार असाल तर वर पंखा नाही ना, ते बघा. खाली जाड रबर मॅट हवीच. नाहीतर टाइल फुटते आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात!

तर आजचा होमवर्क. प्लॅनमधल्या प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहा : सामान काय लागेल, जागा किती लागेल आणि अडकलो तर वजन कुठे टाकणार. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर तो व्यायाम अजून घरी करायचा नाही. खरेदी त्यानंतर.

भेटू पुढच्या भागात!