काट्याआधीची कुस्ती

(नागपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मे महिन्यातली एक दुपार मला विसरता येत नाही. टिनाच्या शेडमधली आमची तालीम, बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला. आत सोळा वर्षांचा एक पोरगा दोरीवरच्या उड्या मारत होता. अंगात दोन स्वेटर, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चिकटपट्टीने गुंडाळलेल्या. कोपऱ्यात त्याची बाटली दिसली. मला वाटलं, चला, पोरगा पाणी तरी पितोय. जवळ गेलो तर बाटलीत थुंकी होती. तोंडात चिंच धरायची, लाळ सुटली की बाटलीत थुंकायची, असं सकाळपासून चाललं होतं. दोन बोटं बाटली भरली होती. "सर, अजून दीड किलो राह्यलं," तो म्हणाला. ओठांवर पापुद्रे आले होते. पण मला धडकी भरली ती त्याचं कपाळ पाहून. एवढ्या उड्या मारूनही ते कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेसाठी त्याचं वजन होणार होतं. त्याचा अपराध एवढाच की मोठ्यांनी त्याला हाच रस्ता दाखवला होता. म्हणून आज मी पैलवानांशी कमी आणि त्यांच्या आईवडिलांशी, वस्तादांशी, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांशी जास्त बोलणार आहे.

आपल्या मातीतल्या कुस्तीत वजनाचा काटा नव्हता. वस्ताद दोन गडी शेजारी उभे करायचे, मान, खांदे, मांड्या नजरेने तोलायचे आणि जोड लावायचे. पैलवानाने करायचं काय, तर अंग कमवायचं. दूध, तूप, बदामाची थंडाई, जोर, बैठका. वजन चढवण्याचं शास्त्र म्हणूनच आपल्या घराघरात आहे. कुठल्याही जुन्या वस्तादाला विचारा, तो खुराकाचा हिशेब तोंडपाठ सांगेल. मॅट आली, तसे वजनगट आले. आज पुरुषांच्या फ्रीस्टाईलमध्ये ५७ ते १२५ किलोपर्यंत दहा गट आहेत. पण वजन उतरवण्याचं शास्त्र तालमीत कुणी आणलंच नाही. ती जागा ऐकीव गोष्टींनी भरून काढली: पाणी तोड, स्वेटर घाल, उन्हात पळ, गोळी घे.

याची किंमत काय असते, ते अख्ख्या देशाने ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पाहिलं. आदल्या दिवशी विनेश फोगटने ५० किलो गटात तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. पहिल्याच कुस्तीत तिने जपानच्या युई सुसाकी या ऑलिम्पिक विजेतीला हरवलं होतं. उपांत्य फेरीनंतर खाणंपिणं झालं तेव्हा तिचं वजन गटापेक्षा सुमारे पावणेतीन किलो जास्त भरलं. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले. सकाळी पुन्हा वजन झालं, तेव्हा काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. सुवर्णपदकाची कुस्ती गेली आणि नियमानुसार हाती आलेलं पदकही गेलं.

आपण त्या १०० ग्रॅमवर हळहळलो. मला मात्र तिच्या गटांचा प्रवास महत्त्वाचा वाटतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती ४८ किलोत खेळली, टोकियोत ५३ किलोत. पॅरिसच्या वेळी ५३ किलोचा कोटा अंतिम पंघालने मिळवलेला होता, म्हणून विनेश ५० वर उतरली. एवढ्या मोठ्या खेळाडूने, एवढे तज्ज्ञ हाताशी असताना, अंगाला परवडत नाही असा गट घेतला की शेवटच्या रात्री कुणाचंच काही चालत नाही. काट्यावरची हार महिनोन्महिने आधी, गट निवडताना ठरत असते.

त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने उपांत्य फेरीनंतर सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं आणि ५७ किलोत कांस्यपदक जिंकलं. ही बातमी आपल्या पोरांनी फार कौतुकाने वाचली. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाद झाला, ही बातमी मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. एकदा साधलं म्हणून दरवेळी साधत नाही.

आणि बाद होणं हे सगळ्यात वाईट नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महिनाभराच्या अवधीत तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले. तिघांनी हवाबंद सूट घातले होते, तिघेही गरम जागेत व्यायाम करत होते, तिघांचं खाणं-पाणी तोडलेलं होतं. त्यातला एक जिथे सायकल मारत होता, ती खोली सुमारे ३३ अंशांना तापवलेली होती. नागपूरकरांनो, ३३ अंश! आपल्याकडे मे महिन्यात रात्री दहालाही तेवढं असतं. त्यांना मुद्दाम खोली तापवावी लागली. आपली टिनाची शेड आपोआप तापते. त्या तीन मृत्यूंनंतर तिथल्या विद्यापीठ कुस्तीने रबरी सूट, सौना आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आणली. मोसम सुरू होण्याआधी लघवी तपासून, अंगातली चरबी मोजून प्रत्येकाचा किमान गट ठरवायचा आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायचं नाही, असा नियम केला.

शरीरात होतं काय, ते नीट समजून घेऊ. रात्रीतून उतरते ती चरबी नसते, ते पाणी असतं. पाणी गेलं की रक्ताचं आकारमान घटतं, रक्त दाट होतं. तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. कातडीकडे रक्त कमी जातं, घाम आटतो आणि आतली उष्णता आतच साठते. अंगाला थंड करतो तो वाळणारा घाम. प्लास्टिकखाली तो वाळतच नाही, म्हणजे पोरगा घामही गमावतो आणि थंडही होत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्याची फसवणूक आणखी वेगळी: हवा एवढी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो, आणि पोरगा म्हणतो, "घाम येतच नाही, अजून पळतो." लघवी काळ्या चहासारखी दिसू लागली तर स्नायू तुटून त्यांचा कचरा मूत्रपिंडात चाललाय असं समजा. लघवीच्या गोळ्या तर उत्तेजकविरोधी यादीतच बंदी घातलेल्या आहेत. वजनापायी घेतलेली एक गोळी पोराला खेळातून बाहेर काढू शकते.

मग करायचं काय? मी आमच्या तालमीत काय करतो, ते सांगतो.

पहिली गोष्ट, अठरा वर्षांखालच्या पोराचं वजन उतरवायचंच नाही. हाडं वाढतायत, उंची वाढतेय. जे वजन भरेल त्या गटात तो खेळेल. गट बदलत जाणं हे वाढत्या वयाचं लक्षण आहे, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट मोठ्या पैलवानांसाठी. समजा, गडी ६१ किलोचा आहे आणि त्याला ५७ मध्ये खेळायचंय. आधी बघायचं, अंगावर तेवढी चरबी आहे का? नसेल तर विषय तिथेच संपला. असेल तर स्पर्धेच्या आठ-दहा आठवडे आधी सुरुवात, आठवड्याला अर्धा किलो. त्यासाठी रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खायच्या. उपास करायची गरज नाही. म्हशीच्या अर्धा लिटर दुधातच ५०० ते ६०० कॅलरी असतात. त्याऐवजी ताक घ्या, मूठभर बदाम चार-पाचांवर आणा, भातावरचं तूप चमचाभर ठेवा. सावजी रस्सा आणि तर्री पोहे स्पर्धा झाल्यावर. पण अंडी, डाळ, पनीर, मासे, चिकन कमी करायचं नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं मिळाली तर चरबी जाते आणि स्नायू टिकतात.

तिसरी गोष्ट, शेवटचे तीन दिवस. इथे पाण्याला हात न लावता पोटातला ऐवज हलका करता येतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ यांचा चोथा आतड्यात बराच वेळ राहतो. तीन दिवस त्यांच्या जागी मऊ भात, दही, अंडी, केळं घेतलं तरी पोट हलकं होतं आणि काट्यावर फरक दिसतो. लोणचं, पापड बंद, कारण जास्तीचं मीठ पाणी धरून ठेवतं. मीठ पूर्ण तोडायचं मात्र नाही. पाणी आदल्या संध्याकाळपर्यंत नेहमीसारखं. शेवटी थोडा घाम काढावाच लागला तर तो वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे अशा गड्याला जेमतेम किलोभर. तोही सुती कपड्यात, सकाळच्या गारव्यात आणि सोबत जाणकार माणूस असताना. दार बंद करून एकट्याने कधीच नाही.

चौथी गोष्ट, काट्यावरून उतरल्यावर. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आता वजन खेळायच्या दिवशी सकाळीच होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुस्ती असेल तर पुन्हा होतं. म्हणजे उतरवलेलं पाणी परत भरायला हातात थोडाच वेळ असतो. जितकं वजन घामाने गेलं, त्याच्या दीडपट पाणी हळूहळू परत द्यायचं, मीठ-साखरेसह. लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक आईला माहीत आहे. एका दमात तांब्या रिकामा केला तर उलटी होते. सोबत केळं, दहीभात. पोटभर मटण कुस्तीनंतर.

आणि चक्कर आली, बोलणं भरकटलं, उलटी झाली, किंवा घाम थांबून अंग तापलं, तर काटा विसरायचा. सावलीत न्यायचं, कपडे ढिले करायचे, अंगावर गार पाणी ओतायचं, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा आणि १०८ ला फोन लावायचा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

श्रोतेहो, खालच्या गटात गेलं की समोरचा हलका मिळतो, हा हिशेब सगळ्यांनाच मोहात पाडतो. पण समोरचाही तोच हिशेब करून आलेला असतो. खाशाबा जाधवांचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. १९४८ ला लंडनमध्ये ते ५२ किलोच्या फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते एक गट वर, ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन कराडला परतले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ ला ५७ किलोत राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळवलं आणि पुढच्याच वर्षी ६१ किलोत जागतिक स्पर्धेचं कांस्य जिंकलं. वरच्या गटात जाणं म्हणजे माघार नव्हे, हे या दोघांच्या पदकांवर लिहिलेलं आहे. आणि ज्याचं पाऊल एकदा चुकलं, त्यालाही वाट असते. जपानचा रेई हिगुची २०२१ च्या आशियाई पात्रता स्पर्धेत फक्त ५० ग्रॅमने बाद झाला होता. पॅरिसमध्ये त्याच ५७ किलोत त्याने सुवर्ण जिंकलं.

त्या पोराचं काय झालं, असं तुमच्या मनात असेल. मी कात्रीने त्याचं प्लास्टिक कापलं, ओल्या टॉवेलात त्याला बसवलं, घोटाघोटाने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने त्याच्या कपाळावर घाम फुटला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी त्याला वरच्या गटात उतरवलं. दुसऱ्या फेरीत तो हरला आणि माझ्यावर फार रुसला. पण शेवटपर्यंत पायावर उभा राहून हरला.

त्या आठवड्यात आमच्या तालमीत एक काटा आला आणि त्याच्या शेजारी, खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही. प्रत्येकाने रोज सकाळी वजन लिहायचं आणि लघवीचा रंग लिहायचा: पाण्यासारखा, लिंबासारखा की चहासारखा. चहा लिहिणाऱ्याला त्या दिवशी व्यायाम नाही. पहिलं वर्षभर पोरं हसायची. आता एखाद्याने लिहायचं टाळलं, तर दुसराच ओरडतो, "काहून रे, वही कुठं गेली?"

आपल्या गावातल्या, वस्तीतल्या प्रत्येक तालमीत अशी एक वही टांगली जावी, एवढंच मागणं घेऊन मी आज तुमच्यासमोर उभा आहे. वहीला वीस रुपये लागतात. खिळा भिंतीत आहेच.